मदत हवी आहे: पर्वरीत राहून नियमित स्कूबा डायव्हिंग कुठे करावं? डाइव्ह बडी (पाण्याखालचे जोडीदार) कसे मिळतात?

मांडवीकाठ

बदलीमुळे पुण्याहून पर्वरीला मुक्काम हलला आहे, निदान दोन वर्षांसाठी. पॅडी या प्रशिक्षण संस्थेचं ओपन वॉटर, म्हणजे पहिल्या पातळीचं, कार्ड आहे. लॉगबुकात ११ डाइव्ह, सगळे अंदमानातले. शेवटच्या डाइव्हला चौदा महिने झाले. मास्क, फिन्स आणि डाइव्ह कॉम्प्युटर स्वतःचा, बाकी सगळं भाड्याने. महिन्यातून दोन रविवार पाण्यात जायचा विचार आहे.

अडचण अशी की इथे कुणालाही विचारलं तरी 'आयलंड ट्रिप, डॉल्फिन, जेवण आणि स्कूबा' हेच पॅकेज पुढे येतं. कार्ड असलेल्यांसाठी खरं डायव्हिंग कुठे होतं? ग्रँड आयलंडला पाणी गढूळ असतं म्हणतात, मग जाण्यात अर्थ आहे का? आणि कायमचा बडी कसा शोधायचा? ओळखीचं कुणी नाही.

अकरा_लिटर

ती पॅकेजेस तुमच्यासाठी नाहीतच. त्यात प्रशिक्षक मागून टाकीचा व्हॉल्व्ह धरतो, तीन-चार मीटरवर थोडा वेळ फिरवतो, फोटो काढतो आणि वर आणतो. फोनवर एवढंच विचारा: "सर्टिफाइड डायव्हरसाठी दोन टाक्यांचा फन डाइव्ह आहे का? एका गाइडमागे किती जण?" त्यावर समोरच्याने उलट तुमचं कार्ड, एकूण डाइव्ह आणि शेवटच्या डाइव्हची तारीख विचारली तर जागा बरी. "पोहता येत नसलं तरी चालतं" असं ऐकू आलं तर फोन ठेवा. इथल्या पाण्यात एका गाइडमागे चारच्या वर माणसं असू नयेत. दोन-तीन असली तर उत्तम.

चौदा महिन्यांचा खंड म्हणजे आधी रिफ्रेशर, त्यात तडजोड नको. मास्क पूर्ण भरून रिकामा करणं, निसटलेला रेग्युलेटर (तोंडात धरून श्वास घ्यायचं साधन) परत पकडणं, बडीच्या ऑक्टोपसवर (जादा रेग्युलेटरवर) श्वास घेत वर येणं, जागेवर तरंगणं आणि खालून एसएमबी (आपली जागा वर दाखवणारा फुगा) सोडणं, एवढं करून घ्या. शेवटचं बरेच जण टाळतात. गोव्यात ते टाळू नका, कारण डोक्यावरून जेट स्की, पॅरासेलिंगच्या बोटी आणि मच्छीमारांचे ट्रॉलर जातात. दीड मीटरचा नारिंगी एसएमबी आणि पंधरा-वीस मीटर दोरीचं स्पूल स्वतःचंच घ्या. भाड्याच्या सामानात ते क्वचितच असतं.

बोटीवर सामान हातात आलं की टाकीच्या खांद्यावर कोरलेली हायड्रो टेस्टची (टाकीच्या दाबचाचणीची) तारीख बघा, ती पाच वर्षांच्या आतली हवी. मग गेजकडे बघत चार-पाच खोल श्वास घ्या. प्रत्येक श्वासाला काटा खाली जाऊन परत वर येत असेल तर व्हॉल्व्ह पुरता उघडलेला नाही. पृष्ठभागावर हवा व्यवस्थित मिळते आणि दहा मीटरवर अपुरी पडते, ती यामुळेच. हवेला तेलाचा किंवा धुराचा वास आला तर ती टाकी परत करा. कॉम्प्रेसर हवा ओढतो ती जागा इंजिनाच्या धुराजवळ असली की टाकीत कार्बन मोनॉक्साइड जातो. त्या वायूला स्वतःला वास नसतो, म्हणून बरोबर आलेल्या धुराच्या वासालाच इशारा समजायचं. ऑक्सिजन किट बोटीवर आहे का, हे नुसतं विचारू नका. पेटी उघडून दाखवायला सांगा.

खारा_वारा

ग्रँडबद्दल. हे बेट झुआरीच्या मुखाजवळ आहे. ओहोटीला नदीचं गाळाचं पाणी बाहेर पडतं आणि तिथून पुढे सरकतं. पाणी गढूळ होण्याचं हे मोठं कारण, वाऱ्याची लाट हे दुसरं. ओहोटी संपून भरती लागली की खुल्या समुद्राचं पाणी आत येतं आणि दिसणं सुधारतं. साधारण तीन ते सहा मीटर दिसतं. चांगल्या दिवशी त्याहून जास्त, वाईट दिवशी स्वतःचा हात.

दिवस निवडताना पंचांग उघडा. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला पाणी जास्त हलतं आणि गाळ उचलतो. अष्टमीच्या आसपास, भांगाला, ओढ कमी असते. तिथीची पाऊणपट केली की मुंबईच्या भरतीची वेळ येते, हे कोकणात सगळ्यांना ठाऊक आहे. गोव्यात ती अंदाजे तासभर आधी. षष्ठी घ्या: सहाची पाऊणपट साडेचार, तासभर वजा करून पहाटे साडेतीनला भरती, म्हणजे पावणेदहाच्या सुमारास ओहोटी संपते. सकाळच्या बोटीचा पहिला डाइव्ह मळक्या पाण्यात जातो आणि दुसरा चढत्या पाण्यात. चांगली जागा दुसऱ्या डाइव्हला ठेवायला सांगा.

भरती_तक्ता

खारा_वारा यांचा हिशोब अंदाजाला ठीक, पण एक दुरुस्ती. गोव्याच्या किनाऱ्यावर दिवसातल्या दोन भरत्या सारख्या उंचीच्या नसतात, आणि भांगाच्या दिवसांत वेळही बरीच सरकते. म्हणजे ज्या दिवसांसाठी हा हिशोब हवा, नेमका त्याच दिवसांत तो चुकतो. तारीख पंचांगावरून ठरवा, वेळ मार्मागोव्याच्या भरती-ओहोटीच्या तक्त्यावरून. उधाणाला तिथे पाणी जेमतेम दोन मीटर चढतं-उतरतं, मुंबईसारखं साडेचार-पाच मीटर नाही. म्हणून उधाण आलं की बेत रद्द, असंही करू नका. मागचे दोन दिवस वारा कसा होता, यावर जास्त ठरतं.

मांडवीकाठ

धन्यवाद. हे कुणीच सांगितलं नव्हतं. मग सरळ कर्नाटकातल्या नेत्राणी बेटालाच का जाऊ नये? आणि बडीचं काय?

अकरा_लिटर

नेत्राणी चांगलीच आहे, पण ती दर पंधरवड्याला झेपणारी नाही. पणजीहून मुरुडेश्वर रस्त्याने दोनशे किलोमीटरच्या वर, पुढे बेट किनाऱ्यापासून सुमारे १९ किलोमीटर आत. बोटीत तास-दीड तास जातो. पंधरा-वीस मीटर दिसू शकतं, कासवं आणि बराकुडाचे थवे असतात. पण बेटाच्या टोकांना ओढ लागते आणि तळ अठरा मीटरच्या खाली जातो. ओपन वॉटर कार्डाची मर्यादा अठराच आहे. निळ्याशार पाण्यात खोली कळत नाही, त्यामुळे नकळत बावीसवर पोचणं अगदी सोपं. तिथे कॉम्प्युटरकडे गढूळ पाण्यापेक्षा जास्त बघावं लागतं. शनिवार-रविवार मुक्काम करून चार डाइव्ह होत असतील तरच जा. बेटावर नौदलाचा गोळीबाराचा सराव होत आला आहे, म्हणून निघायच्या आदल्या दिवशी बोट नक्की जाणार का, हे विचारून घ्या.

बोट लागत असेल तर गोळी निघण्याआधी तासभर घ्या, उलटी सुरू झाल्यावर नाही. प्रोमेथाझिनच्या गोळीने झोप येते, आणि खोलीवर ती गुंगी वाढू शकते. त्यामुळे गोळी आधी जमिनीवर घेऊन पाहा, डॉक्टरला विचारून.

सुसीचा_शेजारी

बडीबद्दल. आपल्याकडे टाक्या भाड्याने घेऊन दोघांनीच किनाऱ्यावरून उतरायची पद्धत फारशी नाही. बोट, टाकी, गाइड सगळं केंद्राचं, आणि जोडीही तेच लावतात. म्हणून बडी जाहिरातीने कमी आणि हजेरीने जास्त मिळतो. एकच केंद्र धरा, महिन्याचे ठरावीक दोन रविवार सांगून ठेवा, अ‍ॅडव्हान्स्डचा कोर्स तिथेच करा. पुढे जमलं तर रेस्क्यू. त्या कोर्सला येणारे लोक हेच टिकणारे बडी. समुद्रतळाची साफसफाई करणाऱ्या मोहिमांतही भेटतात.

केंद्राच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर 'बडी हवा' एवढंच टाकू नका. कार्ड, डाइव्हची संख्या, शेवटची तारीख, अकरा लिटरच्या टाकीवर बारा मीटरला किती मिनिटं टिकता, आणि पाण्याखाली काय करायचं आहे, हे लिहा. शेवटचा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा. कॅमेरावाला एका खडकापाशी वीस मिनिटं बसतो आणि त्याला बडी आहे हेही विसरतो. दोन कॅमेरेवाले एकमेकांना लखलाभ.

मिनिटांचा हिशोब सोपा आहे. अकरा लिटरची टाकी २०० बार दाबाला साधारण २२०० लिटर. ५० बार राखीव सोडले तर हाती १५० बार, म्हणजे १६५० लिटर. पृष्ठभागावर मिनिटाला २० लिटर लागत असतील तर बारा मीटरवर दाब २.२ बार असल्याने ४४ लिटर लागतात. झाली ३७-३८ मिनिटं. नवख्याला २५ लिटर लागले तर तीसच. दोघांतला ज्याचा आकडा लहान, तोच डाइव्हचा वेळ.

अनोळखी माणसाबरोबर पहिला डाइव्ह दहा-बारा मीटरच्या आतच. उतरण्याआधी बोलून घ्या: पुढे कोण, परत कधी फिरायचं (१०० बार), वर येऊन किती शिल्लक हवी (५० बार), दोघांचे ऑक्टोपस कुठे लावलेत, वजनाच्या पट्ट्याचं बकल कुठल्या बाजूला उघडतं. तीन मीटर दिसत असेल तर बडी हाताच्या अंतरावर, मागे नाही तर बाजूला, कारण मागचा माणूस दिसतच नाही. दोघांकडे टॉर्च. चुकामूक झाली तर जागेवर एक मिनिट फिरून बघायचं, मग सुरक्षित वेगाने वर. हा नियम दोघांनी पाळला तर कामाचा. एक वर आला आणि दुसरा खालीच शोधत राहिला, की साध्या चुकामुकीचा शोधमोहिमेपर्यंत प्रवास होतो.

आणि एक कटर जवळ ठेवा. ग्रँडच्या खडकांत तुटलेली जाळी आणि गऱ्यांच्या तंगूस दोऱ्या अडकलेल्या असतात. पायाजवळच्या सुरीपर्यंत हात पोचत नाही, म्हणून छातीवर.

मांडवीकाठ

मालवण किती उपयोगाचं? घरी जाताना वाटेत होईल असं वाटतंय. आणि पावसाळ्यात काय करायचं?

खारा_वारा

किल्ल्याभोवती चालतं ते बहुतेक पर्यटकांचं. पण कार्डवाल्यांना नेणारेही आहेत, प्रश्न तेच विचारा. तारकर्लीला एमटीडीसीची स्कूबा डायव्हिंग संस्था आहे आणि तिथे प्रशिक्षणासाठी खोल टाकी आहे. रिफ्रेशरसाठी विचारून बघा. मालवणचा समुद्र १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, शंख-प्रवाळ काही उचलायचं नाही. पश्चिम किनाऱ्यावर ऑक्टोबर ते मे एवढाच हंगाम, आणि त्यातले नोव्हेंबर ते फेब्रुवारी सगळ्यात बरे. पावसाळ्यात तलावात सराव, किंवा पूर्व किनाऱ्यावर पुदुच्चेरी.

'घरी जाताना' म्हणालात म्हणून: डाइव्ह करून त्याच संध्याकाळी घाट चढू नका. आंबोली सुमारे ७०० मीटरवर आहे, चोर्ला त्याहून उंच. डॅनचा (डायव्हर्स अलर्ट नेटवर्क, डायव्हरांच्या सुरक्षिततेसाठीची संस्था) डाइव्हनंतरच्या विमानप्रवासाचा नियम ६०० मीटरच्या पुढच्या उंचीला धरून आहे: एका डाइव्हनंतर १२ तास, एकाहून जास्त झाले तर १८ तास. आंबोली त्या सीमेच्या वर बसते. दोन टाक्या झाल्या की रात्री मालवणात मुक्काम आणि दुसऱ्या दिवशी सकाळी अठरा तास मोजूनच गाडी काढा.

सुसीचा_शेजारी

एक राहिलं. भाड्याच्या तीन मिलिमीटर सूटमध्ये वजन 'अंदमानात चार किलो होतं' म्हणून चारच मागू नका. अ‍ॅल्युमिनियमची टाकी रिकामी होत आली की सुमारे दोन किलोने हलकी पडते. त्यामुळे डाइव्हच्या शेवटी, ५० बारवर, पाच मीटरला तरंगण्यासाठी हवा भरायचं जॅकेट रिकामं करून स्थिर राहता येतं का ते बघा. वर ओढले जात असाल तर पुढच्या वेळी एक किलो वाढवा, बुडत असाल तर कमी करा. आकडा सूट आणि टाकीच्या प्रकारासकट लॉगबुकात लिहून ठेवा. सूट पायघोळच घ्या, जेलीफिशसाठी.

मांडवीकाठ

केंद्रांना फोन करायला घेतो. मेडिकल फॉर्म डॉक्टरकडूनच भरून आणायचा असतो का?

अकरा_लिटर

फॉर्म तुम्हीच भरायचा. दम्यासारख्या प्रश्नाला 'हो' आलं आणि पुढच्या पानावरच्या त्याच्या चौकटीतही 'हो' आलं, तर डॉक्टरची सही लागते. ती बोटीवर मिळत नाही, म्हणून फॉर्म आठवडाभर आधी मागवून घ्या.