मांदेली खारवून अँचोवी जमेल का?

चिंचगूळ: पास्त्याच्या सॉससाठी खारवलेल्या अँचोवी हव्यात, पण बाटली फार महाग पडते. मांदेलीही त्याच कुळातली ना? अर्धा किलो घरी खारवली तर? मीठ किती घालू? शिवाय माझी तळलेली मांदेली ताटात येईपर्यंत मऊ पडते, तेही सांगा.

डोलकाठी: कूळ एकच, अंगकाठी वेगळी. युरोपातली अँचोवी गोलसर, मांसल. डोकं-आतडी काढून पिंपात जाड मीठ आणि मासे यांचे थर लावतात, वर वजन ठेवतात. मग महिनोन्महिने माशातलीच विकरं (एन्झाइम) मांस मुरवतात, तेव्हा तो तांबूस रंग आणि चव येते. मांदेली चपटी आणि शेपटीकडे निमुळती. मधला काटा काढला की हाती नुसत्या पट्ट्या. मुरल्यावर काटेच उरतील.

दुसरं म्हणजे, अँचोवी उबेत राहिली की तिच्यात हिस्टामिन, म्हणजे ॲलर्जीसारखी विषबाधा करणारं द्रव्य, तयार होतं. ते ना मिठाने जातं, ना शिजवून. मुंबईच्या उकाड्यात ओट्यावर बरणी भरायचा खेळ नको.

सॉसला सुकी मांदेली वापरा. डोकी काढून मंद तव्यावर कोरडीच भाजा, बोटांनी कडकन मोडली पाहिजे. मग बारीक पूड करा. चौघांच्या सॉसला एक चमचा पुरे. लसणाबरोबर तेलात क्षणभरच परता, करपली तर कडू होते. हुबेहूब अँचोवी नव्हे, पण चवीची खोली तीच.

खाडीकिनारा: तळण्याबद्दल. मऊ पडते ती बहुतेक पाण्याने. डोकं खाली ओढून तोडलं की आतडी सोबत येतात. पोटाची करवती कड कात्रीने उडवा. धुऊन चाळणीत 10 मिनिटं निथळू द्या. अर्ध्या किलोला एक चमचा आगळ (कोकमाचा आंबट रस), अर्धा चमचा हळद, दोन चमचे तिखट, आलं-लसूण. मीठ तळायच्या जरा आधी. लवकर लावलं की मासा पाणी सोडतो आणि पीठ चिकट होतं. तीन वाट्या तांदळाचं पीठ, एक वाटी बारीक रवा या प्रमाणात मिसळा, हवं तेवढंच ताटलीत घ्या. तेल चांगलं तापवा, एकच थर लावा आणि खालची बाजू सुटेपर्यंत उलथू नका. तळलेली जाळीवर काढा. कागदावर ढीग घातला की वाफेने परत मऊ. कुरकुरीत झाली तर काट्यासकट खाता येते.

डोलकाठी: घेताना पोट बघा. मांदेली जवळा आणि तसलंच बारीकसारीक खाते. पोट भरलेलं असताना सापडली आणि बर्फ उशिरा पडला, तर तिचीच पाचकद्रव्यं पोटाची भिंत खातात. म्हणून पोट फुटलेला वाटा कितीही स्वस्त मिळाला तरी नको. ताज्या मांदेलीच्या पोटाकडच्या बाजूला सोनेरी ठिपक्यांच्या ओळी असतात, ते तिचे प्रकाश देणारे अवयव. हीच मांदेली बोंबलाच्या पोटातही सापडते, आणि डोल जाळ्यात (प्रवाहात लावायचं पिशवीसारखं जाळं) जवळा, बोंबील, मांदेली एकत्रच येतात.

चिंचगूळ: सुकी मांदेली खारट असते का?

खाडीकिनारा: काही ठिकाणी मीठ लावून, काही ठिकाणी तशीच सुकवतात. एक तुकडा चाखून मगच सॉसमध्ये मीठ घाला. पिवळट पडलेली, खवट वास मारणारी घेऊ नका.