ध्रुवीय निवाऱ्यांमधली जुनी छायाचित्रे पुरावा म्हणून कितपत ग्राह्य धरावीत?

प्रश्न: ब्रिटिश संशोधक रॉबर्ट स्कॉट यांच्या १९१०–१३ च्या अंटार्क्टिका मोहिमेत तिचे छायाचित्रकार हर्बर्ट पॉन्टिंग यांनी केप इव्हान्सच्या लाकडी निवाऱ्यात काढलेली छायाचित्रे मी सध्या बारकाईने पाहत आहे. ७ ऑक्टोबर १९११ च्या छायाचित्रात स्कॉट मेजाशी बसून रोजनिशी लिहीत आहेत आणि मागच्या भिंतीवर पत्नी व मुलाची छायाचित्रे लावलेली आहेत. सगळे इतके नेटके आहे की प्रसंग मुद्दाम रचला असावा, असे वाटत राहते. तसे असेल, तर तिथल्या राहणीचा पुरावा म्हणून ही छायाचित्रे वापरता येतील का?

प्रतिसाद १: प्रसंग रचलेला असणारच, कारण त्या निवाऱ्यात दुसरा मार्गच नव्हता. खिडक्या लहान, अ‍ॅसिटिलीनच्या दिव्यांचा उजेड बेताचा आणि छायाचित्र उमटवायच्या काचेच्या प्लेटा आजच्या मानाने उजेड टिपायला फारच मंद. त्यामुळे एक तर माणसांना काही क्षण निश्चल बसवायचे, नाहीतर मॅग्नेशियमची पूड पेटवून लख्ख उजेड पाडायचा. ६ जून १९११ रोजी, म्हणजे सूर्य उगवतच नसलेल्या दिवसांत, स्कॉटच्या वाढदिवसाच्या जेवणाचे छायाचित्र अशाच झगमगाटात निघाले. पण माणसांना बसवले म्हणून त्यांच्यामागचे सामान खोटे ठरत नाही. बंकांवरच्या (एकावर एक रचलेल्या झोपण्याच्या फळ्यांवरच्या) पाच जणांचे प्रसिद्ध छायाचित्र घ्या: नजर कॅमेऱ्याला दाखवण्यासाठी असेल, पण ओबडधोबड फळ्या आणि जागा मिळेल तिथे टांगलेले कपडे व सरंजाम कोणी छायाचित्रापुरते मांडलेले नाहीत. माझ्या मते पुरावा चेहऱ्यांपेक्षा या कडेच्या वस्तूंत शोधावा.

प्रतिसाद २: त्यात एक पुस्ती जोडतो. छायाचित्रात न येणाऱ्या गोष्टीही तितक्याच महत्त्वाच्या आहेत. भिंतींच्या दुहेरी फळ्यांमध्ये तागात शिवलेले समुद्रशेवाळ भरले होते, आणि पंचवीस जणांच्या त्या घरात अधिकारी व खलाशी यांच्यामध्ये खोक्यांची आडभिंत होती. ती ध्यानात घेतल्याशिवाय कोण कोणाच्या शेजारी दिसतो, याचा अर्थ लागत नाही.

प्रतिसाद ३: रचलेला प्रसंग आणि बदललेले चित्र यांत मात्र फरक करायलाच हवा. अंटार्क्टिकाजवळच्या एलिफंट बेटावर १९१६ मध्ये अर्नेस्ट शॅकल्टन यांच्या मोहिमेतील बावीस माणसे दोन उलट्या होड्यांच्या छपराखाली राहिली, आणि मोहिमेचे छायाचित्रकार फ्रँक हर्ली यांनी तो निवारा टिपला. त्याच बेटावरचे, शॅकल्टन मदत आणायला निघाले त्या वेळचे छायाचित्र पुढे फेरफार करून सुटकेचा क्षण म्हणून प्रसिद्ध झाले. तिथे प्रसंगच पालटला, म्हणून हर्ली यांच्या बाबतीत मूळ निगेटिव्ह पाहिल्याशिवाय निष्कर्ष काढू नये.

प्रश्नकर्ता: मनःपूर्वक आभार. मूळ निगेटिव्हपर्यंत पोहोचता येईल असे एखादे उदाहरण आहे का?

प्रतिसाद १: आहे, आणि तेही त्याच घरातले. पॉन्टिंग यांच्या डार्करूममध्ये एका पेटीत एकमेकांना चिकटलेल्या नायट्रेट फिल्मच्या बावीस निगेटिव्ह सापडल्या. न्यूझीलंडच्या अंटार्क्टिक हेरिटेज ट्रस्टने त्या सोडवून घेतल्या आणि २०१३ मध्ये जाहीर केल्या. त्या पॉन्टिंग यांच्या नाहीत, तर शॅकल्टनच्या १९१४–१७ च्या मोहिमेतील रॉस समुद्र तुकडीच्या, म्हणजे पुढे त्याच घरात राहिलेल्या गटाच्या आहेत. डाग आणि ओरखडे पुष्कळ आहेत, तरी त्या तिथेच पडून राहिल्यामुळे पुढच्या कोणा प्रकाशकाचा हात त्यांच्यावरून फिरलेला नाही. तुम्ही सुरुवात तिथूनच करावी.