इन्फिल्ट्रेशन आणि पर्कोलेशन, दोन्हींना 'मुरणे'च म्हणायचं का?

मंडळी, मदत पाहिजे. पाणलोटाच्या कामावरची एक इंग्रजी पुस्तिका गावासाठी मराठीत करतोय (औसा तालुका, जि. लातूर). त्यात इन्फिल्ट्रेशन आणि पर्कोलेशन शेजारी शेजारी येतात. मी दोन्हीकडं 'मुरणे' लिहून मोकळा झालो, तर वाक्य झालं, 'मुरलेलं पाणी पुढं खाली मुरतं.' थोरला भाऊ वाचून म्हणाला, यात पाणी कुठंतरी मुरतंय!

मला कळलंय ते असं: पाणी वरून जमिनीत शिरतं ते इन्फिल्ट्रेशन. शिरल्यावर मातीतून, मुरमातून, दगडाच्या फटीतून खाली भूजलाकडं उतरत जातं ते पर्कोलेशन. बरोबर आहे का?

गोंधळ आमच्या काळ्या रानाचा आहे. उन्हाळ्यात भेगाळलेलं रान पहिला पाऊस गटागटा पितं. मग माती फुगते, भेगा मिटतात, पाणी वरच तुंबतं. इथं दोघांपैकी काय कमी झालं?

आणि पाझर तलावाला इंग्रजीत पर्कोलेशन टँक म्हणतात. मग पर्कोलेशनला 'पाझर'च लिहू? आमच्याकडं पाझर म्हणजे तलावाच्या भिंतीखाली ओल फुटते तो.

प्रतिसाद:
दादा, अर्थ बरोबर धरलाय. भेगा मिटल्यावर आधी घटतं ते इन्फिल्ट्रेशन. ते मोजायला एकात एक अशी दोन कडी जमिनीत ठोकून पाणी भरतात आणि आतल्या कड्यातलं पाणी तासाला किती मिलिमीटर उतरतं ते बघतात. मुरमाड माळावर उलटं. पाणी चटकन आत जातं, पण खाली बिनफटीचा काळा पाषाण लागला की उतरणं थांबतं आणि ते आडवं सरकून ओढ्याला निघतं.

भिंतीखाली फुटतं ते सीपेज. तो तिसरा शब्द, त्यात आता शिरू नका.

मी पहिल्याला 'जिरणे' लिहीन, 'पाणी अडवा, पाणी जिरवा' सगळ्यांना पाठ आहे. दुसऱ्याला 'झिरपणे'. पाझर तलाव मात्र तसाच राहू द्या. १९७२ च्या दुष्काळात त्या कामांवर माती वाहिलेली माणसं गावात असतील, त्यांना दुसरं नाव सांगून काय उपयोग?

धागाकर्ता:
जिरणे-झिरपणे पटलं, आभार. आमच्या आजीनंही तलावावर पाट्या टाकल्यात. आता एकच अडलंय: तक्त्यात 'जिरण्याचा वेग' लिहू की 'जिरण्याचा दर'? दर म्हटलं की आमच्याकडं सोयाबीनचाच आठवतो.