सराफ्यातले पट्टे आणि छातीवरचा कॅमेरा

छातीवर चिकटवायच्या नव्या कॅमेऱ्यातून इंदूरच्या सराफ्यात, म्हणजे रात्रीच्या खाऊबाजारात, काढलेल्या व्हिडिओत आडवे काळे पट्टे येतात, अशी तक्रार करून एकाने कॅमेऱ्यालाच दोष दिलाय. दोष सेटिंगचा आहे. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ठेल्यांवरचे स्वस्त एलईडी दिवे सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतात. सेन्सर चित्र ओळीओळीने वाचतो, म्हणून पट्टे. मेनूत अँटी-फ्लिकर (दिव्यांच्या लुकलुकीचे पट्टे टाळणारी सेटिंग) ६० हर्ट्झवर असेल तर ५० करा, फ्रेमरेट (सेकंदाला किती चित्रं) २५ किंवा ५० ठेवा आणि शटर (एक चित्र टिपायचा वेळ) १/१०० सेकंदावर बांधा. १/५० नेही पट्टे जातात, पण चालताना प्रत्येक पावलाला चित्र फासल्यासारखं दिसतं. स्टॅबिलायझेशन (हादरे कमी करणारी सोय) फ्रेम सावरतं, चित्रातला धूसरपणा नाही. आयएसओची (प्रकाशाला सेन्सर किती संवेदनशील, त्याची) कमाल मर्यादा १६०० ठेवा. थोडे दाणे दिसतील, चालतं. गराडूच्या (तळलेल्या कंदाच्या) कढईची वाफ लेन्सवर बसते तो त्रास वेगळाच!

चुंबकाचा माउंट पातळ कुर्त्यावर लोंबतो आणि निम्मं चित्रण फरशीचं होतं. हार्नेस (छातीभोवती बांधायचा पट्टा) घ्या, कॅमेरा किंचित वर कलता ठेवा. पेसमेकर असलेल्यांनी चुंबक छातीवर लावूच नये.

मेमरी कार्ड व्ही३० (सेकंदाला किमान ३० एमबी लिहिणारं) हवं. ६० एमबीपीएसला (सेकंदाला ६० मेगाबिट) तासाला साधारण २७ जीबी लागतात, म्हणजे ६४ जीबीत जेमतेम सव्वादोन तास.

रंगपंचमीच्या गेरमध्ये (रंगांच्या मिरवणुकीत) नेणार असाल तर चार्जिंगचं झाकण आधी नीट दाबा. लेन्सवरचा गुलाल कोरडा पुसू नका, ओरखडे पडतात; कॅमेरा वॉटरप्रूफ असेल तर आधी साध्या पाण्याने धुवा.