कोकणातल्या गॅरेजला हवा खेळती हवी

चिपळूणला घरापासून बाजूला, जुन्या प्रीमियर पद्मिनीसाठी पत्र्याचं गॅरेज बांधताय, ते कसं असावं असं तुम्ही विचारलंत आणि उत्तरात बऱ्याच जणांनी ते चारी बाजूंनी घट्ट बंद करायला सुचवलंय. मला हे अजिबात पटत नाही. कोकणात गाडी पावसापेक्षा कोंडलेल्या दमट हवेने जास्त सडते.

भिंती पत्र्याऐवजी जांभ्याच्या असतील तर उत्तमच, पण समोरासमोर जाळ्या ठेवा, जमिनीलगत आणि छताखालीही. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती खालीच साचते. जाळी बारीक घ्या, नाहीतर उंदीर वायरिंग कुरतडतील.

खरा खर्च जमिनीवर करा. कोबा घालण्याआधी खडीवर जाड प्लास्टिक अंथरा आणि त्याच्या कडा भिंतीवर चढवा. नाहीतर खालची ओल वर येत राहते आणि पद्मिनीचा पत्रा दाराखालच्या पट्टीपासून गंजायला लागतो. बोट दाबलं तर आत जातं, इतका! जोतं अंगणापेक्षा फूटभर तरी उंच हवं. जागा वाशिष्ठी नदीच्या बाजूला सखल भागात असेल तर २००५ आणि २०२१ च्या पुराचं पाणी तिथे कुठवर आलं होतं, ते शेजाऱ्यांना विचारूनच उंची ठरवा.

नुसत्या पत्र्याला पहाटे आतून घाम सुटतो आणि ते थेंब थेट टपावर पडतात. माझं मत मंगलोरी कौलांना.

गाडी जेमतेम ३.९ मीटर लांब, पण आतून १२ बाय १८ फूट ठेवाच. दोन्ही दारं सताड उघडून काम करता आलं पाहिजे. प्लास्टिकचं कव्हर मात्र घालू नका, सुती चादर पुरे.