मदत हवी आहे: साठ तयार एचटीएमएल पानांसाठी ह्यूगो की इलेव्हन्टी?

माझ्या साइटची हाताने लिहिलेली ६० पानं आहेत. ह्यूगो आणि इलेव्हन्टी ही सामाईक साच्यातून स्थिर पानं तयार करणारी साधनं, त्यांपैकी एक निवडायचंय. मेनू प्रत्येक पानात चिकटवलेला, त्यामुळे एक दुवा बदलायचा तर ६० फायली उघडा. सर्व्हरवर फक्त स्थिर फायली चालतात. पीएचपी, डेटाबेस किंवा सर्व्हर-साइड इन्क्लूड (सर्व्हरनेच एका फाइलीत दुसरी जोडणं) नाही, म्हणून वर्डप्रेस बाद. पानांचे पत्ते (शेवटी .एचटीएमएल) बदलायचे नाहीत.

मेनू जावास्क्रिप्टच्या फेचने आणून पाहिला. फाइल थेट डबल क्लिकने उघडली की ब्राउझर तो अडवतो.

इलेव्हन्टीत फोल्डरच्या डेटा फायलीतून सगळ्या पानांना एकच लेआउट (मेनूसकट सामाईक साचा) लागला, पर्मालिंकमध्ये (पानाच्या पत्त्याची सेटिंग) फाइलपाथस्टेम (फाइलचा मार्ग, शेवटच्या .एचटीएमएलशिवाय) वापरून पत्तेही टिकले. (चित्रांना पासथ्रू कॉपी, म्हणजे जशीच्या तशी नक्कल, सांगावी लागते, ते केलंय.) पण इलेव्हन्टी एचटीएमएलसुद्धा लिक्विड (दुहेरी महिरपी कंसांतलं स्वतःची आज्ञा समजणारी साच्याची भाषा) टेम्प्लेट म्हणून वाचतो, त्यामुळे कोडच्या नमुन्यांतले दुहेरी महिरपी कंस गायब होतात. शिवाय नोडच्या (इलेव्हन्टी ज्यावर चालतो ती जावास्क्रिप्ट चालवणारी प्रणाली) पॅकेजांचा पसारा.

ह्यूगो म्हणजे एकच प्रोग्राम फाइल, त्यात अग्ली यूआरएल ही सेटिंग चालू केली की पत्ते जसेच्या तसे. मात्र लेआउट लागण्यासाठी प्रत्येक पानाला फ्रंट मॅटर (फाइलीच्या सुरुवातीचा माहितीचा छोटा भाग) हवं. मार्कडाउनमध्ये (साध्या खुणांनी मजकूर लिहिण्याची पद्धत) रूपांतर नको, तक्ते बिघडतात.

इलेव्हन्टीत एचटीएमएलसाठी लिक्विड पूर्ण बंद केलं, तर फोल्डरचा लेआउट तरीही लागतो का? आणि पाच वर्षांनी नव्या मशीनवर बिल्ड (पानं तयार करण्याची प्रक्रिया) चालावा म्हणून नोडची आवृत्ती गोठवणं पुरेसं आहे, की त्यापेक्षा एकदाच स्क्रिप्टने ६० फ्रंट मॅटर घालून ह्यूगोकडे जावं?