मदत हवी आहे : ‘डिस्पेअर’ला मराठीत नेमकं काय म्हणायचं?

नमस्कार मंडळी. पोरगी बारावीला आहे. काल रंकाळ्यावर फिरताना तिनं विचारलं, "बाबा, डिस्पेअर म्हणजे नाराज होणं का?" मी म्हटलं, नाही गं, आशाच सोडणं. मूळ लॅटिन, त्यात ‘स्पेरारे’ म्हणजे आशा करणं आणि आधीचा ‘दे’ ती काढून घेणारा. डेस्परेट त्याच घरातला. इथवर मी शहाणा!

पुढं अडलो. तिच्या पुस्तकात ‘डॉक्टर्स डिस्पेअर्ड ऑफ हिज लाइफ’ असं वाक्य आहे. म्हणजे तो वाचेल ही आशा डॉक्टरांनी सोडली, बरोबर ना? मग ‘ऑफ’ कायम लागतो का? ‘डोन्ट डिस्पेअर’मध्ये तर नाही. आणि ‘इन डिस्पेअर’मध्ये तोच शब्द नाम झालाय, रूप तसंच. मला वाटतं, कशाची आशा सोडली ते सांगायचं असेल तरच ‘ऑफ’. चुकत असेन तर सांगा.

खरी अडचण मराठीची. २०१९ च्या महापुरात पंचगंगेचं पाणी दारात आलं तेव्हा आमचे आबा म्हणाले होते, "आता घराची आशा न्हाई बघ." तिथं हा शब्द चपखल बसतो. पण ‘खचणे’, ‘हातपाय गाळणे’, ‘धीर सुटणे’ यांतलं जवळचं कुठलं? हातपाय गाळलेला माणूस प्रयत्न सोडतो. आशा सुटलेला कधीकधी तरीही सामान माळ्यावर चढवतच असतो. आबांनी तेच केलं होतं.

इंग्रजीचे शिक्षक असतील तर जरा वाक्यं देऊन समजवा. सोमवारी चाचणी आहे तिची.